पीटरच्या अजगराचं वजन

हसायचं नाही हां आधीच! आमच्या नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावच्या शेजाऱ्याने, पीटरने, अजगरांची जोडी पाळलीये. पुण्याहून आलेली आई त्याच्या दारातच थबकली होती. पण त्याने मादीला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं, तशी आईची भीती पळाली.

"विचार ना त्याला, पिल्लं कधी?" आई मला म्हणाली.

मी विचारलं. पीटर म्हणाला, "अजून वजन कमी आहे. नुसतं वय होऊन भागत नाही, अंगात ताकद हवी. मी घाई करणार नाही."

मी मराठीत सांगितलं. आई गहिवरलीच. "किती समंजस माणूस! पोरीच्या जातीला घाई करूच नये."

मी लगेच पकडलं, "मग माझ्या लग्नाची रोज कटकट कशाला?"

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तुझं वजन केव्हाच झालंय!"