किल्लीला बांधलेली गाठ

हैदराबाद शहर पोलिस ठाणे. मंगळवार, २३ ऑक्टोबर १९५६.

नाव तारामती भगवंतराव बिलोलीकर. वय बावन्न. धंदा नर्स, राधाबाई जनाना दवाखाना, नामपल्ली, येथे बायकांच्या मोठ्या वॉर्डाची सिस्टर. राहणार हिमायतनगर. पती हयात नाहीत.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की, मला इंग्रजी व उर्दू लिहिता-वाचता येते. तरीही माझा जबाब मराठीत घ्यावा अशी मी विनंती केली. कारण ज्या बाईला कालपासून हवालातीत ठेवले आहे तिला मराठीच कळते, आणि मी जे सांगणार आहे ते तिने ऐकावे अशी माझी इच्छा आहे. जमादार लक्ष्मणराव हे परभणीकडचे असल्याने त्यांनी लिहून घेण्याचे मान्य केले.

आमचा दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा आहे. संस्थेची एक शाखा नांदेडला आहे. येत्या एक तारखेला हैदराबाद राज्याची वाटणी होत असून नांदेड मुंबई राज्यात जाणार आहे. संस्थेचे सेक्रेटरी हिम्मतराव यांनी भाद्रपदात आम्हाला कळवले की, मराठी बोलणाऱ्या नर्स, आया आणि झाडूवाल्या यांना नांदेडला पाठवण्यात येईल, तेथे त्यांची नोकरी नव्याने सुरू होईल आणि इथली जुनी नोकरी धरली जाणार नाही. ज्यांना जायचे नसेल त्यांनी घरी बसावे. आमच्यापैकी बहुतेक जणींनी नांदेड फक्त रेल्वेतून पाहिले आहे. मी स्वतः याच शहरात जन्मले.

यावरून दवाखान्यातल्या बायकांनी संघ स्थापन केला. मला अध्यक्ष केले. आया जयवंता ही संघाची चिटणीस. तिला लिहिता येत नाही, पण तिचे बोलणे सगळ्या जणी ऐकतात. पहिल्या बैठकीत मी म्हणाले होते की, चिटणिसाला लिहिता आले पाहिजे. त्यावर ती म्हणाली, "लिवायला तुमी हाव की सिस्टरबाई. हाका मारायला कोन हाय? तुमचा आवाज तर पेशंटलाबी ऐकू येत नाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. तिलाच चिटणीस केले.

सत्यवती एकनाथराव परतूरकर या दवाखान्याच्या असिस्टंट मेट्रन आहेत. त्या माझी मैत्रीण आहेत. आम्ही दोघी लहानपणी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात एका खोलीत होतो, पुढे नर्सिंगही बरोबरच केले. त्या मला तारा म्हणतात, मी त्यांना सत्या म्हणते. जबाबात यापुढे मी तिला एकेरीच म्हणेन, मला दुसरे जमणार नाही.

सत्यवतीचे नावही नांदेडला पाठवायच्या बायकांत होते. तीही संघात आली, परंतु उघडपणे नाही. असिस्टंट मेट्रनने उघड संघात जाणे म्हणजे त्याच दिवशी घरी जाणे, हे आम्हा सगळ्यांना मान्य होते. खंडेनवमीला आमच्याकडे कात्र्या, चिमटे, सुया मांडून पूजा करतात. त्यात औषधांच्या कपाटाची किल्लीही ठेवतात. यंदा पूजा झाल्यावर सगळ्या जणींनी त्या किल्लीवर हात ठेवून शपथ घेतली की, कोणी एकटीने समेट करायचा नाही. ख्रिस्ती मुलींनीही हात ठेवला. सत्यवतीने सगळ्यांत शेवटी ठेवला, आणि जयवंताला प्रसादाचा पेढा आपल्या हाताने भरवला. जयवंता म्हणाली, "आता मेट्रनबाई आपल्या झाल्या. आता कायकू डरायचं?"

काल सोमवारी सकाळपासून काम बंद ठेवायचे ठरले होते. अत्यवस्थ रोग्यांपाशी आमच्यातल्याच काही जणी थांबणार होत्या. प्रश्न उरला तो किल्लीचा. त्या कपाटात मॉर्फिन असते. नुकत्याच ऑपरेशन झालेल्या बाईला ते लागले आणि किल्ली अंगणात बसलेल्या माझ्या कमरेला असली, तर ते मला सहन झाले नसते. सत्यवती म्हणाली, "किल्ली मी घेते. मी आतच असणार. तुझ्या रोग्यांना काही कमी पडू देणार नाही."

किल्ली देण्याची आमची एक रीत आहे, ती सांगणे जरूर आहे. किल्ली नेहमी सिस्टरच्या कमरपट्ट्याला फितीने बांधलेली असते. पाळी बदलताना ती टेबलावर ठेवायची नाही, हातातून हातात द्यायची. देताना तिसरे माणूस समोर हवे, मग ती नर्स असो, आया असो, शुद्धीवरची रोगी असो. कपाट उघडून दाखवायचे आणि "चार्ज दिला", "चार्ज घेतला" असे दोघींनी मोठ्याने म्हणायचे. फीत जिची तिने ठेवायची. किल्ली मोकळी करून द्यायची आणि घेणारीने ती आपल्या फितीने बांधायची. इतक्या वर्षांत ही रीत मी कधी मोडलेली नव्हती.

काल सकाळी सात वाजता मी ती मोडली. सत्यवती म्हणाली, "कोणासमोर दिलीस तर हिम्मतरावांना कळेल की मी तुमच्यात आहे." म्हणून आम्ही चादरींच्या खोलीत गेलो. तिनेच दार लोटले. तिसरे कोणी नव्हते. मी किल्ली फितीतून मोकळी करून तिच्या हातात दिली. "चार्ज दिला" असे मी हळू म्हणाले. ती काही म्हणाली नाही, माझ्या गालाला हात लावला. घाई असल्यामुळे तिने म्हटले नसेल असे मला वाटले. मी अंगणात जाऊन बसले.

अंगणात आम्ही सगळ्या शांतपणे बसलो होतो. घोषणा झाल्या नाहीत, कारण आत रोगी होते. जयवंताने सगळ्यांना चहा आणवला. दहाच्या सुमारास हिम्मतराव गच्चीवर येऊन म्हणाले, "भूक लागली की याल आत." जयवंता खालून म्हणाली, "मालक, आमी चहा पिलाव. तुमीबी या, उरलाय." इतकेच बोलणे झाले.

अकराच्या पुढे हिम्मतराव पोलिसांना घेऊन आले. औषधांचे कपाट उघडे सापडले, त्यातून मॉर्फिनच्या कुप्यांची एक पेटी गेली आणि किल्लीही सापडत नाही असे त्यांनी सांगितले. आयांच्या खोलीत झडती झाली. जयवंताच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याखाली, किल्ली आणि कुप्यांची रिकामी पेटी मिळाली. त्या ट्रंकेला कुलूप नसते. जयवंता एवढेच म्हणाली, "ही किल्ली म्या कधी हातात घेतली नाय. सिस्टरबाईला इचारा." मला विचारण्यात आले. मी सांगितले की किल्ली मी सत्यवतीला दिली. सत्यवती तिथेच उभी होती. ती म्हणाली, "नाही. मला कोणी किल्ली दिली नाही." माझ्याकडे न बघता म्हणाली.

जयवंताला नेले. हिम्मतराव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले की, संघ म्हणजे चोरट्या बायकांची टोळी आहे आणि आता जी आत येईल तिलाच कामावर घेतले जाईल. चार वाजेपर्यंत सगळ्या जणी आत गेल्या. मी कोणाला दोष देत नाही. मी एकटीच अंगणात होते. चहाचे पेले गोळा करून धुऊन ठेवले.

संध्याकाळी मी सत्यवतीला भेटायला गेले. ती मेट्रनच्या खोलीत होती. आमच्या मेट्रन या महिन्याअखेर विलायतेला परत जात आहेत. दारावर तिच्या नावाची पाटी लागलेली होती: मेट्रन, सत्यवती ई. परतूरकर. पाटीवर मी बोट लावून पाहिले. रंग वाळलेला होता. अशी पाटी रंगवून वाळायला किमान दोन दिवस जातात. हे मी माझ्या माहितीने सांगते, त्यावरून काय समजावे ते सब-इन्स्पेक्टर साहेबांनी ठरवावे.

आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

मी म्हणाले, "सत्या, तू घाबरलीस का? घाबरली असशील तर सांग. किल्ली कुठे ठेवली होतीस?"

ती म्हणाली, "मला किल्ली दिलीस हे कोणी पाहिलं?"

"कोणी पाहू नये असं तूच म्हणालीस."

"मग झालं तर."

मी म्हणाले, "जयवंता आत बसली आहे. तिला कोणी नाही."

ती म्हणाली, "आयांचं काय घेऊन बसलीस तारा? तिला सोडतील चार दिवसांनी. तू नांदेडला जा. तिथे मेट्रनची जागा आहे, मी हिम्मतरावांशी बोलते. तुझी तब्येत बघ कशी झालीय. जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. तिने तिच्या डब्यातली भाकरी पुढे केली. मी घेतली नाही.

आज सकाळी मी ठाण्यात आले तेव्हा माझ्या मनात एवढेच होते की, किल्ली मी सत्यवतीला दिली हे लेखी सांगावे. मला असे वाटत होते की, तिने भीतीने किल्ली कुठेतरी टाकली असेल, ती दुसऱ्याच कोणाला मिळाली असेल आणि त्याने ती ट्रंकेत ठेवली असेल. ती खोटे बोलली, पण घाबरून बोलली, असा जबाब मी देणार होते. येताना रिक्षात शब्द ठरवले होते.

त्यानंतर सब-इन्स्पेक्टर साहेबांनी जप्त केलेली किल्ली ओळख पटवण्यासाठी माझ्यासमोर ठेवली. किल्ली तीच आहे. तिला बँडेजच्या कापडाची पांढरी पट्टी बांधलेली आहे. पट्टी एका बाजूला कात्रीने कापलेली आहे, गाठ तशीच आहे. गाठ पाहिल्यावर मी पाणी मागितले. जमादारांनी दिले. त्यानंतरचा जबाब पुढे चालू.

ही गाठ मला ओळखते, म्हणजे मी तिला ओळखते. बोर्डिंगात मुली आपापल्या कपाटाच्या किल्ल्या हरवत असत. आमच्या मदरनी आम्हाला किल्लीला फीत बांधण्याची एक गाठ शिकवली होती. फीत दुमडून किल्लीच्या कडीतून घ्यायची, दोन्ही टोके त्या दुमडीतून ओढायची, मग त्यांचा एक वळसा आणि प्रत्येक टोकाला वेगळी बारीक गाठ. इतर मुली ती महिन्याभरात विसरल्या. आम्ही दोघींनी हौसेने धरून ठेवली. आबिड्सच्या दुकानातून आम्ही फीत आणत असू, तिची निळी, माझीही निळी, म्हणून किल्ल्यांची अदलाबदल होई आणि रात्री अंधारात हसू येई. आजही दवाखान्यात तशी गाठ आम्ही दोघीच बांधतो. बाकीच्या सिस्टर साधी गाठ मारतात. आया किल्ली पदराच्या टोकाला बांधतात. जयवंताला मी कधीही फीत वापरताना पाहिलेले नाही.

दोघींपैकी एक मी आहे. माझी फीत निळी आहे आणि ती माझ्या कमरपट्ट्यालाच आहे. ती मी आता सोडून साहेबांच्या स्वाधीन केली आहे.

आणखी एक गोष्ट आहे. सत्यवती जन्माने डावखुरी. मदरनी तिला उजव्या हाताने लिहायला लावले. त्यासाठी डाव्या हाताला रुमाल बांधून ठेवत. ती रडायची आणि रात्री मी तो रुमाल सोडून द्यायची. लिहिणे, जेवणे, इंजेक्शन देणे सर्व ती उजव्या हाताने करते. फक्त ही गाठ ती डाव्या हाताने बांधते, कारण ती आम्ही रात्री शिकलो, रुमाल सोडल्यावर. त्यामुळे तिच्या गाठीचा वळसा उलट्या बाजूला पडतो. माझ्या फितीने मी आता दुसऱ्या एका किल्लीला तीच गाठ बांधून दिली आहे, ती आणि जप्त किल्लीवरची गाठ शेजारी ठेवून पाहावी. साहेबांनी पाहिली. वळसे एकमेकींच्या उलट आहेत असे त्यांनीही सांगितले.

यावरून माझे म्हणणे असे की, किल्ली माझ्याकडून घेतल्यावर सत्यवतीने रीतीप्रमाणे आपल्या कमरपट्ट्याला बांधली, फीत जवळ नसल्याने बँडेजची पट्टी घेतली असेल. हाताला सवय असते, ते विचारून करत नाही. नंतर ती कापून काढली. गाठ सोडत बसली नाही, कारण ती सुटायला वेळ लागतो. पुढे ती किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती गेली असेल तर ते तिनेच सांगावे. पेटीतल्या कुप्या कुठे गेल्या हे मला माहीत नाही. तिने हे कशासाठी केले याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पाटीबद्दल मी सांगितलेच आहे.

माझी विनंती अशी की, सत्यवतीला ठाण्यात बोलवावे. तिच्यासमोर एक साधी किल्ली आणि पट्टी ठेवावी, आणि बोलता बोलता ती बांधून द्यायला सांगावे. कारण सांगू नये. कारण सांगितले तर ती उजव्या हाताने बांधेल. न सांगता दिली तर हात आपोआप चालेल. हे मलाच माहीत आहे, दुसऱ्या कोणाला माहीत नाही. त्या वेळी मी तिथे नसावे अशीही विनंती आहे.

जयवंताने किल्लीला हात लावलेला नाही. तिला सोडावे.

वरील सर्व मजकूर जमादार लक्ष्मणराव यांनी मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून जयवंतालाही बाहेर आणून बाकावर बसवले आणि तिच्यासमोर पुन्हा पहिल्यापासून वाचला. रुमालाचा भाग आला तेव्हा ती म्हणाली, "हे कायकू सांगितलं बाई? एवढं नव्हतं सांगायचं." मी तिला सांगितले की त्यावाचून तिची सुटका होणार नाही.

वाचून झाल्यावर जमादारांनी विचारले की, सुरुवातीला "त्या माझी मैत्रीण आहेत" असे लिहिले आहे, ते खोडून "होत्या" असे करायचे का. मी विचार करून सांगितले की खोडू नये. मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे.

सही: तारामती भगवंतराव बिलोलीकर