एवरेजचा नाद

एवरेजच्या नादात माणूस कुठवर जाते, ते सांगतो. आमची जुनी गाडी पेट्रोल लय पीत होती, म्हणून रायपुरात पंडरी भागातल्या मिस्त्रीकडून कार्बोरेटर बदलून घेतला. त्याच संध्याकाळी बायकोला, उज्वलाला, घेऊन नवा रायपुरकडून परत येऊन राहिलो होतो. रोड मोकळा पाहून एक्सीलरेटर दाबला, अन् तो खालीच अडकला. समोर तेलीबांध्याचा सिग्नल लाल.

"अवो, हळू करा ना!"

"पाय उचललेलाच आहे माझा!"

"मग चाबी बंद करा!"

"स्टेअरिंग लॉक होईन!"

ब्रेक पूर्ण दाबला, तरी गाडी पुढेच ओढून राहिली. समोरच्या ऑटोतलं लेकरू मागं वळून आमच्याकडेच पाहत होतं. माझं डोकंच चालेना. तेवढ्यात उज्वलानं दोन्ही हातांनी गिअर ओढून न्यूट्रलमध्ये टाकला. इंजिन किंचाळलं, पण ब्रेक लागला. ऑटो हातभर लांब राहिला. गाडी थांबल्यावर मी चाबी फिरवली.

गाडी ढकलत कडेला नेली, तर मिस्त्रीचाच फोन आला. "भैया, एवरेज बढ़ा क्या?"

उज्वलानं माझ्या हातातून फोन घेतला.

"हव भैया, बहुत बढ़ा. अब घर तक धक्का मारके ले जा रहे हैं, एक बूंद नहीं लगेगा."