गाडीतलं सगळ्यात जड सामान

नाही, मला एक सांगा, माणसाने स्वतःच्या गाडीत बसायचं नाही तर बसायचं कुठे? एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं त्या स्टेअरिंगला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. आमच्या हिच्याकडे लायसन आहे, माझ्याआधी दोन वर्षं काढलेलं, पण मी म्हणायचो, "अगं, तुला नाही जमायची, हिचा क्लच जरा लहरी आहे, माझाच पाय ओळखतो तो..." आणि ही म्हणायची, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय काय साठून राहिलं होतं ते आत्ता कळतंय मला! आणि मी काही कुणाची खोडी काढायला गेलो नव्हतो हो... मी गेलो होतो पंक्चर काढायला!

स्टेपनी पंक्चर होती. साधी गोष्ट. रविवारी सकाळी चाक गाडीत घालून गेलो पंक्चरवाल्याकडे, तर तिथे ही मंडळी जमलेली. दर रविवारी जमतात, मला काय माहीत! गाडीवेडे. बॉनेट उघडं टाकून सात-आठ डोकी आत घातलेली, नुसती पाठमोरी माणसं दिसतायत, आणि आतून आवाज, "पॉवरचं नको सांगूस रे, टॉर्क बोल, टॉर्क!" "टॉर्क काय चाटायचाय? गिअर बदलेपर्यंत तुझा टॉर्क झोपतो!" "अरे टर्बो जागा व्हायला वेळ लागतो त्याला!" म्हणजे मला वाटलं आत कुणीतरी आजारी आहे. मी म्हटलं, डॉक्टरना बोलावलंत का? तर एक डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "मीच."

तो दातांचा डॉक्टर. त्याची ती लाल गाडी... इतकी बसकी, इतकी बसकी, की तिच्यातून उतरणारा माणूस आधी रांगतो आणि मग उभा राहतो! तिला म्हणतात सगळे लाडाने लाली. त्याच्या शेजारी दुसरा, त्याला म्हणतात ज्ञानकोश. जगातल्या कुठल्याही गाडीचं नाव घ्या, हा तिचं इंजिन, ब्रेक, टायर, तिच्या आजोबांच्या पिढीची गाडी, सगळं घडाघडा सांगणार. मी विचारलं, तुमची कुठली? तर म्हणतो, "सायकल." तीसुद्धा बहिणीची!

तर तुम्हाला सांगतो, हा डॉक्टर माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारतो, बोटाच्या पेराने बॉनेट टकटक वाजवून बघतो आणि म्हणतो, "काका, ही किडलीय. काढून टाका."

काका! मी बावन्न, हा पंचेचाळीसचा घोडा, आणि मी काका? आणि माझी गाडी किडलेली? जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही, कारण माझ्या तोंडून निघून गेलं, "ही किडलेली तुझ्या लालीच्या नाकावर टिच्चून पुढे जाईल!" झालं! पंक्चरवाला माझी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून तसाच थांबला, फक्त बुडबुड्यांचा आवाज. मग त्याने ट्यूब बाहेर काढली, पुसली, परत टायरमध्ये कोंबली आणि चाक बाजूला ठेवून म्हणाला, "पुढच्या रविवारी. मागच्या रस्त्यावर. चारशे मीटर." अरे, पण पंक्चर? मी गेलो होतो पंक्चर काढायला!

अट काय ठरली माहितीये? हरेल त्याने वर्षभर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. वर्षभर! मला रात्री झोप नाही. ऑफिसात फायलीवर सही करताना मी पायाने क्लच दाबतोय. हिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? पुढच्या रविवारी म्हटलं, "जरा हवा भरून येतो." ही म्हणाली, "बरं." आलं ना 'बरं'?

आता तो रस्ता म्हणजे बंद कारखान्याच्या मागचा. कारखाना बंद, रहदारी बंद, मधोमध एक कुत्रं झोपतं, त्याला बिस्किट दाखवून बाजूला घ्यावं लागतं, एवढीच काय ती वर्दळ. तिथे ज्ञानकोशाने त्यांची पद्धत समजावली. म्हणाला, "काका, वजन हा गाडीचा शत्रू. शर्यतीआधी गाडी हलकी करायची. पण स्वतःच्या गाडीतलं काढताना माणसाचा हात चोरटा होतो, म्हणून आपल्याकडे समोरच्याची गाडी आपण हलकी करायची!"

म्हणजे माझी गाडी कोण उघडणार? दातांचा डॉक्टर! अहो, त्या माणसाच्या हातात पाना आला आणि चेहरा असा खुलला... एकेका वस्तूला हात लावून म्हणतो, "हलतंय का? हलतंय. मग काढून टाकू!" मागची सीट काढली. स्टेपनी काढली. जॅक, पायपुसणी, इंजिनखालचा पत्रा, गाण्यांचा टेप, मागचा आरसासुद्धा! मी म्हटलं, अहो आरसा ठेवा, मागचं दिसायला नको? तर म्हणतो, "काका, पुढे राहायचंय ना? मग मागचं कशाला बघताय?" आणि सीटखालून काय काय निघालं... तीन छत्र्या, एक करवंटी, ती कशी आली देव जाणे, आणि हिची चप्पल! एक! चार वर्षांपूर्वी हरवलेली! त्या चपलेवरून आमच्या घरात आठ दिवस अबोला होता हो!

शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू चढतेय, ज्ञानकोश वहीत लिहितोय, "सीट अठरा किलो, स्टेपनी तेरा, जॅक चार..." आणि सगळं हातगाडीवर घालून आमच्या घरी रवाना. चपलेसकट.

मग माझी पाळी. मी लालीत शिरलो. म्हणजे रांगलो. ड्रायव्हरशेजारची सीट काढायची होती. बोल्ट निघाले, पण सीटखाली एक पिवळी वायर, तिचं टोक कशात तरी अडकलेलं. ज्ञानकोश बाहेरून ओरडतोय, "काका, हळूच दाबून सोडवायचं, मग टोक बाजूच्या खोबणीत खोचायचं!" कुठे दाबू? मला काही दिसेना. मी ओढली. आवाज आला, खट्! मी इकडेतिकडे बघितलं, कुणाचं लक्ष नाही. तुटलेलं टोक दिलं रबराच्या पट्टीखाली सारून. म्हटलं, लालीच्या पोटात दीडशे वायरी, एकीने काय होतंय? हे तुम्हाला म्हणून सांगतोय हां. बोलू नका कुठे.

मी जाऊन माझ्या गाडीत बसलो. इंजिन सुरू केलं. तेवढ्यात ज्ञानकोश वही घेऊन खिडकीशी. "काका, एक जड सामान राहिलंय आत."

"कुठलं?"

"तुम्ही."

मला चढवलं हो भंगारवाल्याच्या काट्यावर! चौऱ्याण्णव! ज्ञानकोशाने वहीत सीटच्या खाली, स्टेपनीच्या खाली, जॅकच्या खाली लिहिलं, 'काका, चौऱ्याण्णव.' आणि सगळे असे उभे, मयताला आल्यासारखे.

आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून ही आली. तरातरा. हातात चप्पल! हातगाडी घरी पोचली होती ना, हातगाडीवाल्याला पत्ता विचारून आली! "अहो, ही कुठे होती? मी चार वर्षं सांगत होते गाडीत बघा, गाडीत बघा! आणि मागची सीट हॉलमध्ये का आलीय?" मी तोंड उघडणार, एवढ्यात ज्ञानकोश म्हणतो, "ताई, जरा या काट्यावर उभ्या राहता?"

अठ्ठेचाळीस!

"शेहेचाळीस किलोंचा फरक!" ज्ञानकोश नाचायला लागला. "काका, अडीच मागच्या सीटा वाचल्या!" त्यांनी हिला सगळं सांगितलं, लाली, चारशे मीटर, वर्षभराची अट. हिने ऐकून घेतलं. चप्पल माझ्या हातात दिली. आणि म्हणाली, "बाजूला व्हा."

मी म्हटलं, "अगं, क्लच..."

"ओळख करून घेते."

काय सांगू तुम्हाला! निशाण म्हणून पंक्चरवाल्याने फडकं हलवलं आणि लाली जी सुटली, गेलीच! धूळ, आवाज, कुत्रं बिस्किट टाकून पळालं. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं, वर्षभर बसस्टॉप! आणि अर्ध्या रस्त्यात लाली टूं टूं टूं करायला लागली आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "सीट सापडत नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी वेग मर्यादित करण्यात येत आहे." वीस! वीसच्या वेगाने लाली, आत डॉक्टर ओरडतोय, "अगं बाई, सीट मुद्दाम काढलीय!" आणि शेजारून आमची ही... दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन किंचाळतंय, पदर खोचलेला, नजर समोर... झूं! पुढे! आणि तुमच्यापासून काय लपवू, मी चप्पल उंच धरून नाचलो हो! गळा काढून ओरडलो, "ती माझी गाडी आहे! ती माझी बायको आहे!"

आणि तिथेच मेलो. कारण अट होती हरणाऱ्याची, डॉक्टरचं स्टेअरिंग वर्षभर गेलं, ठीक. पण मंडळींचा दुसरा नियम मला कुणी सांगितलाच नव्हता... जिंकलेल्या गाडीचा ड्रायव्हर बदलायचा नाही! आता मी काय करू? "अहो, ती वायर मी तोडली," असं सांगितलं तर मी लबाड, शर्यत हरलेली आणि वर्षभर माझं स्टेअरिंग बंद. नाही सांगितलं तर ही चॅम्पियन. परवा मी नुसतं म्हटलं, "आज ऑफिसला मी नेऊ का गाडी?" ही किल्ली फिरवत म्हणाली, "तुम्हाला नाही जमायची. क्लच आता माझा पाय ओळखतो."

मी म्हटलं, "बरं."

आता दर रविवारी ही जाते मंडळींत, मंडळी तिला ताई-ताई करतात, टॉर्कवर तिचं मत विचारतात. आणि डॉक्टर चालत येतो आमच्याकडे. आम्ही दोघं हॉलमध्ये त्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसतो, सवयीने बेल्ट शोधतो, सापडत नाही, आणि समोर स्टेपनीवर चहा ठेवतो. काल त्याने त्या चाकावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "काका, हे पंक्चर अजून काढलं नाहीत?"

काढतो ना! पण एवढं तेरा किलोंचं चाक पंक्चरवाल्याकडे न्यायचं म्हणजे गाडी लागते हो!