दोनदा उलटी झालेली माळ

तुम्हाला वाटतं पीएच.डी. हुशारीवर मिळते. माझी एका चिठ्ठीवर अडकली होती.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ; माझी जिवाणू मारण्यासाठी होती. ती शेवटच्या मण्यापासून ओवत मागे यावं लागतं, म्हणून कागदावरचा क्रम आम्ही आधी उलटा करून घेतो. माझे गाइड चौबे सर. त्यांनी मदत म्हणून चिठ्ठीवर आधीच उलटा केलेला क्रम लिहून दिला आणि सांगितलं मात्र नाही. मी सवयीने तो पुन्हा उलटा केला. प्रेम नगरहून रोज स्कूटीने लॅबला जाऊन दोन महिने मी भलतीच माळ ओवली. मणी तेच, त्यामुळे वजनही बरोबर आलं!

चूक सापडली तेव्हा रसायनं संपली होती आणि प्रबंध द्यायला महिना उरला होता.

"सर, एक बार बता तो देते!"

"बेटा, बड़ों से ऐसे बात नहीं करते."

रागाच्या भरात मी तेच पेप्टाइड जिवाणूंवर टाकलं. दुसऱ्या दिवशी प्लेटमध्ये एकही जिवाणू जिवंत नव्हता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक खूश. "उल्टा बनाने का आइडिया किसका था?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मेरा. बरसों से दिमाग में था."

परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. आईने सकाळीच बजावलं होतं, आज सरांशी भांडू नकोस. मी भांडले नाही.

"जी, सर का ही था," मी म्हटलं. "बस, मुझे बताना भूल गए थे."