शिवांजलीचा वाडगा

रहिमतपूरच्या एसटीत पुढच्या बाकावर एक आजी शेजारणीला नातीच्या पुण्यातल्या नव्या हॉटेलाबद्दल सांगत होत्या.

“रंगूकाकी, तिथं मिळतं काय?”

“वाडगाभर भात, वर कच्चा मासा न् तीळ. हवाई बेटावरची रीत हाय म्हनं.”

“आगं बया, कच्चा? तुमी खाल्ला?”

“म्या दोनदा खाल्ला. पर ह्यांचं ऐक. शिवांजलीनं बँकेची नोकरी सोडली म्हनून वरीसभर तिच्याशी बोलत नव्हतं.”

“सुभेदारकाकाबी आलं व्हतं?”

“मीच वडत नेलं. पयला घास घेतला न् कपाळाला आठ्या घालून खातच ऱ्हायलं. पोरगी रडकुंडीला आली.”

“मग वं?”

“मग वाडगा पुढं केला न् म्हनलं, ‘शिवा, आजून वाढ. लय झ्याक झालंय.’”

“आन् आता?”

“आता ह्यास्नी आयतवारी सगळ्या भावकीला तिथं न्यायचंय. सकाळीच गाडी सांगाय गेल्यात!”