पंचविसावी गाडी

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं चिडायला काय झालं?" काय झालं? अहो, शिसारी आली मला, शिसारी! महासंघाची, त्यांच्या शिक्क्यांची, आणि पंचवीस या आकड्याची तर इतकी, की परवा लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायको खूश आणि माझ्या अंगावर काटा!

तुम्हाला सांगतो, मी मोटरसायकली बनवतो. हसू नका! कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, कामगार म्हणजे मी आणि माझा मेहुणा, आणि दाराशी टेबल टाकून बायको बसते ते आमचं विक्री खातं. पण गाडी अशी, की चिखल म्हणू नका, उंचवटे म्हणू नका, सुसाट! आणि चालवते कोण? माझी लेक! राष्ट्रीय मोटोक्रॉसला, म्हणजे चिखलातल्या त्या मोटरसायकल शर्यतीला, निवड झालीय तिची. एक मोठी कंपनी आपली गाडी द्यायला तयार होती, तर पोरगी म्हणते, "मी धावेन तर बाबांच्या गाडीवर, नाहीतर धावणारच नाही." आता बापाने काय करायचं? डोळे पुसायचे आणि शर्यत भरवणाऱ्या महासंघाकडे अर्ज करायचा. तिथेच फसलो!

महासंघ म्हणतो, शर्यतीतली गाडी लोकांना विकत मिळणारी हवी. तुम्ही पडलात छोटे कारखानदार, म्हणून तुम्हाला सवलत. सवलत काय, तर मोठ्यांनी दोनशे गाड्या दाखवायच्या, तुम्ही फक्त पंचवीस दाखवा. फक्त! एका दिवशी, एका छपराखाली, अगदी एकसारख्या. मी म्हटलं, "साहेब, पोरगी एकटी आहे हो, एका वेळी एकाच गाडीवर बसते." तर त्यांचा तपासणीस चष्मा वर सरकवून म्हणतो कसा, "पंचवीस म्हणजे पंचवीस!"

दीड वर्ष! दीड वर्ष ठोकाठोक केली. शेड भरली, अंगण भरलं, शेवटच्या दोन गाड्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना बायकोची कोपरं हँडलला लागायची! तपासणीचा दिवस उजाडला. मी अंघोळीला गेलो. बरं, अंघोळ माणसाने किती वेळ करावी? दहा मिनिटं! बाहेर आलो, मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या. चोवीस! बायको टेबलामागे फुललेल्या चेहऱ्याने उभी. "अहो, एक विकली!"

दीड वर्षात कुत्रं फिरकलं नाही, आणि नेमकं आज गिऱ्हाईक? मी ओरडलो, तर म्हणते, "तुम्हीच म्हणालात ना, लोकांना विकत मिळायला हवी? मग मिळाली!" घ्या! बोला आता!

घेणारे कोण, तर रोपवाटिकेवाले काका. टेकडीवर रोपं न्यायला दणकट गाडी हवी होती त्यांना. मेहुण्याला पिटाळलं. साडेदहाला काकांना गाडीसकट घेऊन आला, आणि गाडी बघून माझे डोळेच पांढरे झाले. दोन तासांत, फक्त दोन तासांत, या सद्गृहस्थाने मागे हे एवढं कॅरिअर वेल्डिंग करून घेतलेलं, आणि पुढे सायकलचा रबरी भोंगा! शर्यतीच्या गाडीला! शी! मी म्हटलं, "काका, कापू का हे?" तर, "हात लावून बघा! माझी गाडी आहे, तासाभरासाठी आणलीय, उपकार समजा." बरोबरच होतं त्यांचं.

अकराला तपासणीस हजर. वही काढली, मोजल्या, भोंग्यापाशी थबकला. "ही वेगळी आहे."

"साहेब, इंजिन तेच, सांगाडा तोच..."

"एकसारख्या चोवीस झाल्या. पंचवीस म्हणजे पंचवीस! मी पाचपर्यंत आहे."

मी तर हातच टेकले. पण माझा मेहुणा! त्याला आयुष्यात एकदाच अक्कल सुचली, आणि ती नेमकी त्या दिवशी. "भावोजी, ही त्या चोविसांसारखी होत नसेल, तर त्या चोवीस हिच्यासारख्या करू की!" आणि मी, मी मूर्ख, हो म्हणालो! काकांना जेवायला घालून पाचपर्यंत थोपवलं, वेल्डिंगवाल्याला उचलून आणला, सायकलवाल्याचे होते नव्हते तेवढे भोंगे आणले. पाचला पाच मिनिटं कमी असताना चोविसावा भोंगा बसला. तपासणीसाने एकेक भोंगा दाबून पाहिला हो! पॉक... पॉक... पंचवीस वेळा! आणि मारला शिक्का. मंजूर!

मी आनंदाने रडलो. डोळे पुसून म्हटलं, "आता शर्यतीपुरतं कॅरिअर काढतो." तर म्हणाला, "छे! मंजूर नमुन्यात बदल चालत नाही. धावायचं तर कॅरिअरसकट, भोंग्यासकट." मी विचारलं, "अहो, पण मोटोक्रॉसला कॅरिअर कशाला?" तर, "नको असं नियमात कुठे लिहिलंय?"

लेकीला सांगायला तोंड नव्हतं मला. तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो. म्हटलं, "बाळा, लोक हसतील. त्या कंपनीची गाडी घे." तिने गाडीभोवती फेरी मारली, कॅरिअर ओढून पाहिलं, भोंगा एकदा दाबला. म्हणाली, "हसू देत. पुढचे बाजूला तरी होतील! बाबा, मी याच गाडीवर धावणार. कॅरिअर आहेच, तर मागे जेवणाचा डबा बांधून द्या."

उद्या शर्यत आहे. डबा घासून तयार ठेवलाय. मेहुणा म्हणतो, महासंघाला विचारून घ्या, डबा नियमात बसतो का. नाही विचारत! काय सांगतील, मला माहीत आहे... एवढे डबे मी आणू कुठून?