राइस इज व्हाइट

...आणि वर मलाच म्हणते, "आई, हे इनफॉर्मल झालं!" आता इंग्रजीत सोवळं-ओवळं असतं हे मला कुणी सांगितलं होतं? चौथी शिकलेली बाई मी. कौमुदी, माझी लेक, कॉलेजातून आली की लहरीपुऱ्यात इंग्रजी बोलायच्या क्लासला जाते आणि घरी येऊन मला शिकवते. 'हाय' म्हटलं तर ते मैत्रिणीला, 'गुड आफ्टरनून' म्हटलं तर ते गिऱ्हाइकाला. 'हू आर यू' म्हणायचं नाही, भांडण वाटतं. 'मे आय नो हू इज स्पीकिंग' म्हणायचं. म्हणजे तुम्हाला सांगते, आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असं एका शब्दात भागतं, यांच्याकडे सगळ्यांना एकच 'यू', मग मान द्यायचा तर वाक्य लांबवत बसा! आता हे फॉर्मल का इनफॉर्मल, तुम्हीच सांगा.

पण शिकायलाच हवं होतं हो. माझं मेतकूट आणि भाजणी बडोद्यात घरोघर जाते, अकरा वर्षं झाली. आता मुंबईचा एक परदेशात माल धाडणारा, त्यानं नमुना मागवला, आवडला, आणि पत्र आलं की गुरुवारी चारला ऑफिसातून फोन करतो, बोलणं पटलं तर दोनशे किलो. दोनशे! आठ वर्षं नंबर लावून नुकताच घरात आलेला फोन, त्यावर मी क्रोशाचा रुमाल घातलेला, आणि त्या फोनवर आता साता समुद्रापारचं मेतकूट अडकलेलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. हे हिंचक्यावर झोके घेत म्हणाले, माझी रिफायनरीत दुपारपाळी आहे, आणि माल तुझा आहे. म्हणजे माल माझा, पण उद्योगाला नाव यांचं! ते मीच कौतुकानं दिलेलं. लिहायला काय जातं हो? पाटी रंगवली, छापील कागद झाले. तोंडानं कुठं म्हणायचं होतं?

कारण ह्यांचं नाव मी घेत नाही. सव्वीस वर्षं झाली. रेशनच्या ऑफिसात विचारलं तर कार्डावर बोट ठेवते. पोस्टमन विचारतो, मी पाटीकडे मान करते. आणि कौमुदी शिकवते काय, तर फोन उचलला की आधी 'गुड आफ्टरनून', मग उद्योगाचं नाव, मग आपलं नाव, मग 'हाउ मे आय हेल्प यू'. तालीम करताना मी नावाच्या जागी खोकायची. "गुड आफ्टरनून," खो खो, "होम प्रॉडक्ट्स, मंदाकिनी स्पीकिंग." पोरीला वाटलं भाजणी दळून घसा बसलाय. हळद-दूध करून दिलं बिचारीनं. खोकणं हे फॉर्मल का इनफॉर्मल, तुम्हीच सांगा.

गुरुवार आला. मी नवी साडी नेसले. हो, फोनलाच! कौमुदी शेजारी वही घेऊन बसली. चारला घंटा. उचलला, "गुड आफ्टरनून," आणि खोकले. पलीकडून बाईचा काचेसारखा आवाज, पार्डन? मी पुन्हा, होम प्रॉडक्ट्स, बरोडा. ती म्हणते, विच होम प्रॉडक्ट्स? मी म्हटलं, माय मिस्टर्स. ती म्हणते, विच मिस्टर? अहो, किती मिस्टर असतात एका बाईला? कौमुदी वहीत मोठ्या अक्षरात नाव लिहून माझ्या नाकापुढे नाचवतेय, आई, वाच! मला वाचता येतं गं, म्हणता येत नाही! आणि तिकडं ती बाई म्हणाली, "सॉरी, राँग नंबर."

राँग नंबर! दोनशे किलो चालले! आणि मग, तुम्हाला सांगते, कुठून सुचलं देव जाणे. हळदीकुंकवाला नाव घ्या म्हणतात तेव्हा आपण कसं घेतो? तस्संच. मी डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं,

"राइस इज व्हाइट, मेतकूट इज यलो, श्रीपतराव होम प्रॉडक्ट्स स्पीकिंग, हॅलो!"

कौमुदीनं कपाळाला हात लावला. मग ती काचेची बाई खुदकन हसली. म्हणाली, वन मिनिट, आणि तिनं साहेबांना दिला फोन. साहेब म्हणाले, प्लीज रिपीट. झालं, पुन्हा घेतलं. मग त्यांनी कुणा हिशेबनीसाला ऐकवलं, तिसऱ्यांदा. सव्वीस वर्षांचं साठवलेलं नाव एका दुपारी तीनदा खर्च! पण ऑर्डर मिळाली, सगळी. कौमुदीला विचारलं, हे फॉर्मल का इनफॉर्मल? ती म्हणाली, आई, हे आमच्या पुस्तकात नाहीये.

रात्री ह्यांना सांगितलं. यांचे कान लाल. पण मी ठरवून टाकलं होतं, दर फोनला काव्य करायला मला वेळ नाही. माल माझा, नाव माझं. हे लगेच हो म्हणाले. पाटी झाली, मंदाकिनी होम प्रॉडक्ट्स. काय रुबाब दिसतो दारावर!

परवा सोमवारी फोन वाजला. माझे हात कोपरापर्यंत भाजणीत. म्हटलं, अहो, घ्या की. हे उठले, रिसीव्हर उचलला, ऐटीत म्हणाले, "गुड मॉर्निंग." आणि थांबले. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आता कळलं तुम्हाला? सव्वीस वर्षं या माणसानंही मला कधी नावानं हाक मारलेली नाही. मी गंमत बघत उभी. यांच्या कपाळावर घाम. शेवटी डोळे मिटून म्हणाले,

"राइस इज व्हाइट, मेतकूट इज यलो... अगं होम प्रॉडक्ट्स स्पीकिंग, हॅलो."

आणि पलीकडच्यानं पन्नास किलो जास्त सांगितले हो! आता हे फॉर्मल का इनफॉर्मल, मी कुणाला विचारतच नाही. पाटीवाल्याला बोलावलंय उद्या. म्हटलं, माझं नाव पूस बाबा, आणि 'अगं' लिही.